विहिरीवरची बाई आणि पंडिता रमाबाई

कामं आटोपली असतील तर बसा, नसतील तर रेडिओ चुलीजवळ ठेवा आणि हात चालू द्या. ऐकता ऐकता भाकरी होतेच.

५ एप्रिलला पंडिता रमाबाईंची पुण्यतिथी असते. आधी एक घोळ मिटवते, कारण गटाच्या बैठकीत हा घोळ नेहमी होतो. रमाबाई म्हटलं की कुणाला बाबासाहेबांच्या रमाई आठवतात, कुणाला न्यायमूर्ती रानड्यांच्या रमाबाई. या तिघी वेगळ्या. आज ज्यांच्याविषयी बोलायचंय त्या पंडिता रमाबाई. दौंडजवळच्या केडगावचं मुक्ती मिशन ज्यांनी उभं केलं, त्या. त्यांच्या शाळेविषयी, विधवांसाठी केलेल्या कामाविषयी आपण थोडंफार ऐकलेलं असतं. त्या ख्रिस्ती झाल्या हेही ठाऊक असतं. पण ते वाक्य लोक घाईनं उरकतात. जणू ती त्यांच्या आयुष्यातली अवघड जागा आहे, तिथून लवकर पुढं सरकलेलं बरं.

मला आज त्याच जागेवर थांबायचंय. बाईनं धर्म बदलला म्हटलं की आपल्याकडे दोनच प्रश्न निघतात. हिला कुणी फसवलं? आणि हिला काय मिळालं? ती स्वतः वाचून, रडून, भांडून, विचार करून आपला देव ठरवू शकते, हे कुणाच्या मनातसुद्धा येत नाही. रमाबाईंना हे दोन्ही प्रश्न विचारले गेले. हिंदूंनी विचारले. आणि गंमत अशी, की ज्यांनी त्यांना ख्रिस्ती केलं त्या लोकांनाही त्यांनी स्वतःच्या डोक्यानं विचार केलेला फारसा सोसला नाही.

सुरुवात भुकेपासून करावी लागते.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा, कर्नाटकातल्या गंगामूळच्या जंगलात. वडील अनंतशास्त्री डोंगरे, मोठे विद्वान. त्यांचा गुन्हा एवढाच, की त्यांनी बायकोला संस्कृत शिकवलं. लोकांनी बोलायला सुरुवात केली. त्यांना उडुपीला जाऊन पंडितांपुढं सिद्ध करून दाखवावं लागलं, की बाईला शिकवणं धर्माविरुद्ध नाही. शिकलेल्या बायकोनं, म्हणजे लक्ष्मीबाईंनी, मग धाकट्या रमेला शिकवलं. पहाटे उठवून, मांडीवर घेऊन, तोंडी. पुस्तकं नंतर आली, श्लोक आधी पाठ झाले.

पुढं हे कुटुंब तीर्थयात्रा करत फिरत राहिलं. जिथं जातील तिथं पुराण सांगायचं, मिळेल ते खायचं, उरेल ते दानधर्मात घालायचं. मग १८७४ च्या सुमाराला दक्षिणेत दुष्काळ पडला. यांच्याकडे शेत नाही, हातात कला नाही, मजुरी करायची सवय नाही. होतं नव्हतं ते सगळं विकून देवांना वाहिलं, उपास केले, व्रतं केली. देव काही बोलला नाही. वडिलांनी तर जलसमाधी घ्यायची तयारी केली होती. मुलगा श्रीनिवास म्हणाला, मी जात बाजूला ठेवून मजुरी करतो, पण हे नको. तरी वडील फार दिवस राहिले नाहीत, थोड्याच दिवसांत गेले.

मग आई तापानं आणि भुकेनं पडली. रमाबाईंनी पुढं लिहून ठेवलंय, की आईसाठी बाजरीच्या भाकरीचा तुकडा मागायला त्या शेजारच्या घरी गेल्या, पण तोंडातून शब्द फुटेना. भीक मागायची सवय नव्हती. त्या घरच्या बाईनं ओळखलं आणि तुकडा दिला. घेऊन आल्या, तर आईला तो गिळण्याचंही बळ राहिलं नव्हतं. आई गेली तेव्हा तिरडीला खांदा द्यायला माणसं मिळेनात. कसेबसे दोघं आले, तिसरा भाऊ. चौथा खांदा रमाबाईंचा. पण त्या उंचीनं कमी, तिरडी एका बाजूला झुकायला लागली. म्हणून ती बाजू त्यांनी डोक्यावर घेतली. वय सोळाच्या आतबाहेर. पुढं मोठी बहीणही गेली.

राहिले दोघं. भाऊ आणि बहीण हजारो मैल पायी फिरले. कधी रानातलं काहीबाही खाल्लं, बिया खाल्ल्या. थंडीत अंगावर पांघरूण नाही, म्हणून झेलमच्या काठी वाळूत खड्डे करून, अंगावर वाळू ओढून रात्र काढली. मी हे वाचलं तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ बसले होते.

आता ऐका, विश्वास कुठं तडकला ते. शास्त्रात सांगितलं होतं तसं सगळं यांनी केलं होतं. कुठंही कसूर नाही. तरी घर संपलं. त्या बहीणभावांच्या मनात तेव्हाच यायला लागलं, की जे आपल्याला सांगितलं गेलं त्यात कुठंतरी गडबड आहे. पण बोलायचं कुणाजवळ?

१८७८ साली दोघं कलकत्त्याला पोचले. तिथल्या पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीचं संस्कृत ऐकलं आणि थक्क झाले. पंडिता म्हटलं, सरस्वती म्हटलं. सभा व्हायला लागल्या. मग कुणीतरी सांगितलं, आमच्या घरच्या पडद्यातल्या बायकांना त्यांची कर्तव्यं समजावून सांगा, धर्मशास्त्राच्या आधारानं. त्यासाठी रमाबाईंनी धर्मशास्त्राचे ग्रंथ नीट वाचायला घेतले. तोवर त्यांना पुराणं येत होती, व्याकरण येत होतं. कायदा त्यांनी पहिल्यांदाच तपासला.

आणि त्यांना काय दिसलं? ग्रंथ एकमेकांशी भांडतात. एक म्हणतो हे करा, दुसरा म्हणतो करू नका. पण दोन गोष्टींवर सगळ्यांचं एकमत. बायकांची जात वाईट, आणि शूद्रांप्रमाणेच बाईलाही स्वतःच्या बळावर मोक्ष नाही. तिला मिळालाच तर नवऱ्याच्या पायाशी. हे त्यांनी स्वतःच सांगून ठेवलंय. विचार करा, ज्या मुलीला आईनं मांडीवर घेऊन संस्कृत शिकवलं, त्याच संस्कृतात तिला आपल्या आईविषयी हे वाचायला मिळालं. केशवचंद्र सेनांनी त्यांच्या हातात वेद दिला आणि वाचा म्हणाले. इतकी विद्वान बाई, पण वेदाला हात लावताना कचरली. बाईनं वेद वाचू नये हे इतकं आत मुरलेलं होतं.

१८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी दास या बंगाली वकिलाशी लग्न केलं. जात वेगळी, प्रांत वेगळा, लग्न नोंदणी पद्धतीचं. आसामातल्या सिलचरला संसार थाटला. तिथं घरातल्या पुस्तकांत त्यांना बंगालीतलं लूकचं शुभवर्तमान सापडलं. एक मिशनरी येऊन समजावून सांगायचा. रमाबाईंना ओढ वाटायला लागली आणि त्यांनी नवऱ्याला सांगून टाकलं. नवरा सुधारक होता, जातीबाहेर लग्न केलेला होता, पण हे त्याला मुळीच रुचलं नाही. (सुधारक नवऱ्यांचीही कुठंतरी एक हद्द असते.) एक मुलगी झाली, मनोरमा. आणि लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत, फेब्रुवारी १८८२ मध्ये, पटकीनं नवरा गेला.

तेविसाव्या वर्षी विधवा, कडेवर दहा महिन्यांची पोर. सासर-माहेर दोन्हीकडे आधार नाही. ही बाई पुण्याला आली, आर्य महिला समाज काढला, हंटर आयोगापुढं साक्ष दिली की आमच्या बायकांना बायका डॉक्टर हव्यात. आणि वैद्यकी शिकायचं मनावर घेऊन १८८३ साली इंग्लंडला निघाली. निघताना सांगून गेली होती, की मी धर्म बदलणार नाही.

इंग्लंडात वाँटेज नावाच्या गावी ख्रिस्ती सिस्टरांच्या मठात त्यांची सोय झाली. सोबत छोटी मनोरमा आणि पुण्याहून आलेली मैत्रीण आनंदीबाई भगत. वैद्यकीचं जमलं नाही, कारण रमाबाईंना ऐकू कमी येऊ लागलं होतं. आणि त्याच वर्षी आनंदीबाईंनी आपलं जीवन संपवलं. आपल्याला जबरदस्तीनं ख्रिस्ती करतील या भीतीनं त्यांच्या मनानं ठाव सोडला होता. परक्या देशात, एकाच घरात, डोळ्यांदेखत हे घडलं. त्यानंतर काही आठवड्यांत, २९ सप्टेंबर १८८३ ला, रमाबाईंनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

इथं लोक म्हणतात, बघा, दुःखात सापडलेली बाई, सिस्टरांनी ओढली. त्यांना असं वाटावं यात नवल नाही. मला मात्र ते पटत नाही, आणि का पटत नाही ते सांगते.

पहिली गोष्ट, बाप्तिस्म्याआधी त्यांनी काय पाहिलं ती. सिस्टरांनी त्यांना लंडनमधल्या फुलहॅम इथं नेलं होतं. तिथं समाजानं वाईट चालीच्या म्हणून टाकून दिलेल्या बायकांना ठेवून घेत, सांभाळत, काम शिकवत. रमाबाईंनी आयुष्यभर जी शास्त्रं वाचली होती त्यात अशा बाईला शिक्षा होती, दंड होता, हाकलणं होतं. जवळ घेणं नव्हतं. त्यांनी विचारलं, तुम्ही हे का करता? त्यावर एका सिस्टरनं त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली गोष्ट सांगितली.

ती गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकावी अशी आहे, धर्म कुठलाही असो. भर दुपारी एक बाई विहिरीवर पाणी भरायला येते. ती शोमरोनी. यहुदी लोक शोमरोन्यांना कमी लेखायचे, त्यांच्याशी संबंध ठेवायचे नाहीत. आपल्या पाणवठ्यांचा इतिहास ज्यांना माहीत आहे त्यांना यातलं काही वेगळं समजावून सांगायला नको. विहिरीवर येशू बसलेला. तो यहुदी. तो तिला म्हणतो, मला प्यायला पाणी दे. ती चकित होते, तू माझ्याकडे पाणी कसं मागतोस? मग बोलणं सुरू होतं. आणि ही बाई नुसती ऐकत नाही, उलट प्रश्न विचारते. तुझ्याकडे पोहरा नाही, विहीर खोल, तू पाणी कुठून देणार? पुढं कळतं की तिचे पाच नवरे झालेत आणि आता ज्याच्याबरोबर राहते तो नवरा नाही. यावर तो तिला हाकलत नाही. आणि ती तरी मान खाली घालून निघून जाते का? नाही. ती धर्माचाच प्रश्न काढते. आमचे लोक म्हणतात या डोंगरावर पूजा करा, तुमचे म्हणतात यरुशलेमेत करा, खरं काय? आणि येशू तिला उत्तर देतो. पुरुषांच्या सभेत नाही, विहिरीच्या कठड्यावर, पाच नवऱ्यांच्या बाईला सांगतो, की पूजा या डोंगराशीही बांधलेली नाही आणि त्या शहराशीही नाही, ती मनातून आणि खरेपणानं करायची असते. ती घडा तिथंच ठेवून गावात धावत जाते आणि लोकांना सांगते, या, येऊन बघा.

रमाबाईंनी म्हटलंय, की ही गोष्ट ऐकल्यावर त्यांची खात्री पटली. मला वाटतं, त्यांना नुसती दया दिसली नसावी. दया दाखवणारे लोक त्यांना पुष्कळ भेटले होते. त्यांना इथं अशी बाई दिसली, जिला कुणी विचारलं नाही की तू कुणाची, कुठल्या नवऱ्याची, आणि जिच्याशी देव मोक्षाची गोष्ट सरळ बोलला, मधे कुणी पुरुष न घेता. शास्त्रांनी जे नाही म्हटलं होतं ते.

आता दुसरी गोष्ट. बाप्तिस्मा झाला म्हणजे शंका संपल्या, असं झालं नाही. उलट खरी भांडणं नंतर सुरू झाली. सिस्टर जेराल्डिन ही त्यांची धर्मातली आई. प्रेमळ होती, मनोरमेला जीव लावला होता. पण तिची अपेक्षा अशी, की नव्यानं आलेल्या बाईनं चर्च सांगेल ते मान्य करावं. रमाबाई पत्रातून विचारायच्या, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तीन की एक? येशू देव कसा? ख्रिस्ती लोकांत इतके पंथ, मग त्यातला खरा कुठला, आणि तो मी का मानायचा? चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्या शिकत आणि संस्कृतही शिकवत, तिथल्या मुख्याध्यापिका डोरोथिया बील यांच्याशीही त्यांची अशीच लांबलचक पत्रं झाली. बीलबाईंनी मात्र त्यांना प्रश्न विचारू दिले, याचं श्रेय त्यांना द्यायला हवं.

एका पत्रात तर त्यांनी स्पष्ट सांगितलं, की मी मोठ्या कष्टानं ब्राह्मण पुरोहितांच्या जोखडातून मान सोडवून घेतली आहे, आता धर्मगुरू सांगतील ते सगळं देवाची आज्ञा समजून तसलंच दुसरं जोखड मानेवर घ्यायची माझी तयारी नाही. शब्द माझे, आशय त्यांचा. आणि हे त्या कुणाला लिहीत होत्या? ज्यांच्या घरी राहत होत्या, ज्यांचं अन्न खात होत्या, त्यांना. मैत्रिणींनो, जिचा हात दुसऱ्याच्या ताटात आहे अशा बाईला हे बोलणं किती जड जातं, ते आपल्याला कुणी शिकवायला नको.

आणखी एक प्रकरण झालं. कॉलेजच्या लोकांना वाटत होतं की रमाबाईंनी इंग्रज पुरुषांनाही आपल्या भाषा शिकवाव्यात. हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. पुरुषांना शिकवलं तर तिच्या देशात तिचं नाव खराब होईल म्हणे. रमाबाई संतापल्या. ज्या देशात मी भर सभांत पुरुषांपुढं बोलले, तिथल्या लोकांच्या नावानं तुम्ही मला गप्प बसवता? परदेशातही बाईची अब्रू सांभाळायला पुरुषच पुढं, हे बघून मला हसूही आलं आणि रागही.

त्या मांस खात नव्हत्या. इंग्लंडातही खाल्लं नाही, ख्रिस्ती झाल्यावरही नाही. काही लोकांना ते जुन्या धर्माचं खूळ वाटायचं. रमाबाईंना वाटायचं, ख्रिस्ताला मानणं वेगळं आणि इंग्रज होणं वेगळं. पांढरी साडी तशीच राहिली. इकडे पुण्यात वर्तमानपत्रं टीका करत होती, तिकडे सिस्टरा म्हणत होत्या ही गर्विष्ठ आहे. जोतीराव फुल्यांनी मात्र आपल्या 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली होती.

नंतर अमेरिका. १८८६ साली आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, त्या समारंभाला रमाबाई गेल्या आणि दोनेक वर्षं तिथंच फिरून बोलत राहिल्या. आपल्या गटांसाठी यातली एक गोष्ट सांगायलाच हवी. तिथल्या बायकांनी गावोगाव 'रमाबाई मंडळं' काढली आणि मंडळातली बाई वर्षाला एक डॉलर, असा दहा वर्षं देण्याचा शब्द देई. थोडं, पण नेमानं. त्या पैशातून ११ मार्च १८८९ ला मुंबईत चौपाटीला शारदा सदन सुरू झालं. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या. बालविधवा. पुढं त्यांचं लग्न धोंडो केशव कर्व्यांशी झालं आणि आपण त्यांना आनंदीबाई कर्वे, बाया कर्वे म्हणून ओळखतो. त्या हिंदूच राहिल्या, हे लक्षात ठेवा. सदनात हिंदू मुलींना आपला आचार पाळायची मोकळीक होती. रमाबाई सकाळी प्रार्थना करायच्या, खोलीचं दार उघडं असायचं. ज्यांना यायचं त्या मुली यायच्या. या उघड्या दारावरूनच १८९३ साली पुण्यात वादळ उठलं. रानडे, भांडारकरांसारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या.

आणि या सगळ्यात, बाहेर सगळे म्हणत होते ही कट्टर ख्रिस्ती झाली, तेव्हा आत काय चाललं होतं? १८९१ च्या सुमाराला त्यांना स्वतःलाच कळून चुकलं, की बाप्तिस्म्याला आठ वर्षं झाली, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला खरा, पण ख्रिस्त काही सापडला नाही. पुस्तकं वाचली, तत्त्वं पटली, वाद जिंकले. मन मात्र कोरडंच. हॅसलम नावाच्या एका इंग्रज पाद्र्याचं आत्मकथन त्यांच्या वाचनात आलं. तो स्वतः बरीच वर्षं उपदेश करत होता आणि मग एक दिवस त्याला उमगलं की आपण जे सांगतो ते आपल्यालाच मिळालेलं नाही. रमाबाईंना ते आपलंच वाटलं. त्यानंतर त्यांना जे मिळालं त्याविषयी त्या फार साध्या शब्दांत बोलतात. आपण चांगल्या आहोत की नाही, पुरेसं केलं की नाही, हा हिशेब मनातून गेला. लहानपणापासून तो हिशेब चाललेला होता, इतके उपास, इतक्या प्रदक्षिणा, इतकं दान. आई-वडील त्या हिशेबातच गेले. तो आता थांबला. त्यांच्या लेखी मुक्ती ती ही.

मला त्यातलं सगळं मानता येईल असं नाही, तुम्हालाही नसेल. आपल्या गटांत विठ्ठलाला मानणाऱ्या आहेत, बुद्धवंदना म्हणणाऱ्या आहेत, नमाज पढणाऱ्या आहेत, रविवारी चर्चला जाणाऱ्याही आहेत. पण आपण चांगल्या आहोत की नाही हा हिशेब कुठल्या बाईच्या मनात चालू नाही, ते मला सांगा. मूल होत नाही, माझ्या पायगुणानं. नवरा गेला, माझ्या नशिबानं. पोरगी पळून गेली, माझ्या संस्कारानं.

१८९६-९७ ला मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाईंना आपली आई आठवली, तो भाकरीचा तुकडा आठवला. त्या तिकडे गेल्या. भुकेल्या पोरींवर टपून बसलेली माणसं त्यांनी मदतछावण्यांच्या आसपास बघितली आणि मिळतील तेवढ्या मुली घेऊन आल्या. तीनशेंच्या आसपास. केडगावला त्यांनी फळबागेसाठी जमीन घेऊन ठेवली होती. पुण्यात प्लेगचे कडक नियम आले, तेव्हा मुलींना तिथं हलवलं. तेच मुक्ती. १९०० च्या दुष्काळानंतर तिथं सुमारे दोन हजार बायका-मुली होत्या. शेती, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना, सगळं बायकाच चालवायच्या. अंध मुलींना मनोरमेनं ब्रेल शिकवलं. फसवल्या गेलेल्या बायकांसाठी वेगळं कृपासदन काढलं, फुलहॅमला बघितलं होतं तसं.

इथं मात्र मला एक प्रश्न पडतो आणि तो झाकून ठेवणं बरं दिसणार नाही. रमाबाईंनी धर्म निवडला तो शंभर प्रश्न विचारून, मोठमोठ्या बिशपांशी वाद घालून. त्यांच्याकडे संस्कृत होतं, इंग्रजी होतं, पत्र लिहायची ताकद होती. दुष्काळातून आणलेल्या दहा-बारा वर्षांच्या पोरीकडे काय होतं? जिथं अन्न मिळालं, आई मिळाली, तिथला देव तिनं घेतला. तो तिचा निर्णय किती आणि भुकेचा किती? मुक्तीत शिस्त कडक होती, दिवसाची सुरुवात प्रार्थनेनं व्हायची. रमाबाईंवर तेव्हाही ही टीका झाली. मी त्या पोरींच्या जागी असते तर आधी भाकर घेतली असती, यात शंका नाही. जीव वाचवणाऱ्यावर आरोप करायला माझी जीभ रेटत नाही. तरी प्रश्न उरतोच, आणि रमाबाईंचं आयुष्य वाचूनच तो विचारायचं धैर्य येतं.

लक्ष्मीबाई टिळकांची गोष्ट याच्याजवळ ठेवून बघा. त्यांचे पती, रेव्हरंड नारायण वामन टिळक, १८९५ साली मुंबईत ख्रिस्ती झाले. नवऱ्यामागं बायको जाणार असं सगळ्यांना वाटलं असेल. लक्ष्मीबाई गेल्या नाहीत. काही वर्षं वेगळ्या राहिल्या, फार सोसलं, रडल्या. नंतर नवऱ्याजवळ राहायला गेल्या, तरी धर्म आपलाच ठेवला, सोवळंओवळं ठेवलं. हळूहळू स्वतःच्या मनानं एकेक गाठ सोडवली आणि १९०० साली, स्वतःला पटलं तेव्हा, बाप्तिस्मा घेतला. शाळेत न गेलेली ही बाई. त्यांचं 'स्मृतिचित्रे' तालुक्याच्या वाचनालयात मिळेल, मोठ्यानं वाचायला फार छान आहे, गटात वाचा. हसून हसून पोट दुखेल आणि मधेच डोळे भरतील.

म्हणजे हे फक्त पंडितांनाच जमतं असं काही नाही.

रमाबाईंचं शेवटचं मोठं काम म्हणजे बायबलचं मराठी भाषांतर. मराठीत बायबल होतंच, पण त्यांना वाटायचं ते खेड्यातल्या बाईला समजत नाही, संस्कृत शब्द फार. ज्या बाईला सगळ्या देशानं संस्कृतासाठी नावाजलं, तीच संस्कृत शब्द वेचून काढायला बसली. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकली, म्हातारपणाकडे झुकताना, कानांनी जवळजवळ बहिरी. दुसऱ्या कुणी सांगितलेला अर्थ नको, मुळातून बघायचं, ही जुनी खोड गेली नव्हती. खिळे जुळवायला मुक्तीतल्याच मुली, छापायलाही त्याच. १९२१ च्या जुलैत मनोरमा गेली. एकुलती एक, पुढचं सगळं तिच्यावर सोपवायचं ठरलेलं. रमाबाई पुन्हा कामाला बसल्या. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या, तोवर भाषांतर हातावेगळं झालं होतं. पूर्ण ग्रंथ त्यांच्या मागं छापून निघाला.

केडगाव पुणे-दौंड रेल्वेमार्गावर आहे, मुक्ती मिशन आजही तिथं चालू आहे. सहलीचा विषय निघाला की आपले गट देवस्थानांची यादी काढतात, त्यात हेही एक नाव घाला. आधी कळवून जा, आणि जाताना डबा बरोबर न्या. पुढच्या मंगळवारी आपण शेळीपालनाच्या विम्याविषयी बोलणार आहोत, तेव्हा कागद-पेन घेऊन बसा. नमस्कार.